खाऱ्या पाण्याचे मासे आणि टाकीचे माप

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या जागेवर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. या मंडळात आजवर मी बोलले ते भिशीच्या हिशेबाबद्दल, नाहीतर संक्रांतीच्या वाणाबद्दल. पण गेल्या महिन्याच्या बैठकीत माझ्या तोंडून एक "नको" निघून गेले आणि त्याचे कारण सांगण्यासाठी अध्यक्षबाईंनी आज मला हा अर्धा तास दिला आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्धापनदिनानिमित्त आपल्या सभागृहाच्या शोभेसाठी एक देणगी आली आहे. तिच्यातून समुद्राच्या माशांची एक टाकी घ्यावी, दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, आणि तीत दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे व एक निळा मासा सोडावा, अशी सूचना होती. टाकीचे चित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. सगळ्यांना आवडले. मलाही आवडले, कारण चित्र सुंदरच होते. तरी मी नको म्हटले. काही जणींना वाटले की, हिच्या घरी टाकी आहे म्हणून मंडळात दुसरी नको, असा हिचा भाव असावा. मला त्याचे वाईट वाटले, पण राग आला नाही. कारण माझ्या टाकीची अर्धीच गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला घरी आलेल्या तुम्ही सगळ्यांनी ते दोन नारिंगी मासे पाहिले, मुलांना दाखवले, फोटो काढले. त्यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर चार मासे माझ्या हातून मेले, हे मी कुणाला सांगितलेले नाही. ते आज सांगते.

2016 सालची गोष्ट. आमची धाकटी तेव्हा चौथीत होती. त्या वर्षी 'फाइंडिंग डोरी' नावाचे कार्टून आले होते, त्यातल्या निळ्या मासोळीचे तिला वेड लागले. दिवाळीत मुंबईला नणंदेकडे गेलो तेव्हा चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. हे मत्स्यालय 1951 साली सुरू झालेले, आणि आम्ही गेलो त्याच्या वर्षभर आधी, 2015 साली, दुरुस्ती होऊन पुन्हा उघडलेले होते. आत काचेसारखा एक अर्धगोल बोगदा केलेला होता. आपण मधून चालायचे आणि मासे डोक्यावरून जायचे. पुढे काही वर्षांनी ते बंद झाले, तेव्हा ज्यांनी पाहिले नाही त्यांचे राहूनच गेले. तिथून बाहेर पडले की रस्त्यापलीकडे समुद्र. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. मासे पाळणाऱ्यांच्या समोर समुद्र होता आणि मी मासे पाळायला निघाले होते ती शून्य मैलाच्या दगडाच्या गावात, जिथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो कोस दूर.

नागपूरला परतल्यावर एका दुकानातून दोन फुटांची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वर बारीक पांढऱ्या खड्यांची वाळू, खारे पाणी करायची मिठाची पिशवी, एक फिल्टर, दोन नारिंगी मासे आणि एक निळा. ते नारिंगी म्हणजे क्लाउन मासे, आणि निळा तो ब्लू टँग. मी विचारले, "भाऊ, या निळ्याला ही टाकी पुरेल ना?" त्यावर मिळालेले उत्तर मला अजून शब्दन् शब्द आठवते. "मासा टाकीच्या मापानेच वाढतो, ताई. लहान टाकीत ठेवला की लहानच राहतो." माझ्या सोयीचे होते, म्हणून मला पटले. पुष्कळ दुकानांत पुष्कळांना हेच सांगतात, आणि सांगणाऱ्याचाही त्यावर विश्वास असतो.

संध्याकाळी टाकी भरली, रात्री मासे सोडले. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेतल्या पाच मैत्रिणींना घेऊन आली. चौथ्या दिवशी निळा मासा आडवा झाला. नवव्या दिवसापर्यंत तिन्ही गेले. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मी तिला म्हटले, "मासे आजारी होते गं." ते खोटे होते, पण खरे कारण तेव्हा मलाही माहीत नव्हते.

ते मला समजावले धंतोलीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी. प्राणिशास्त्र शिकवत असत. त्यांनी सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगते, चुकले तर ती चूक माझी.

मासा खातो तशी घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर नाकात झोंबतो तोच. समुद्रात तो अथांग पाण्यात कुठल्या कुठे जातो. टाकीत जाणार कुठे? तो तिथेच साठतो, आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जरा क्षारधर्मी असल्यामुळे त्यात तो जास्त जहाल होतो. यावर निसर्गाने तोड ठेवली आहे. दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. पहिली दोन्ही विषे, तिसरे त्या मानाने पुष्कळ सौम्य. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते निघून जाते. पण हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध तापवायचे, विरजण लावायचे, मग दही. मी दूध चुलीवरून उतरवले आणि लगेच ताक मागायला बसले होते.

मग मी सहा आठवडे रिकामी टाकी चालवली. घरात सगळे हसत. "पाण्याला खाऊ घालते" म्हणत, आणि ते खरेही होते, कारण जंतूंना खाद्य म्हणून मी पाण्यात रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत असे. 2017 च्या जानेवारीत पुन्हा दोन नारिंगी आणि एक निळा आणला. यावेळी मासे जगले. मला वाटले, जमले आपल्याला.

आता त्या निळ्याबद्दल सांगते, कारण माझ्या "नको"मध्ये मोठा वाटा त्याचाच आहे.

आणला तेव्हा तो माझ्या करंगळीएवढा होता. या जातीचा मासा पूर्ण वाढला की फूटभर होतो. समुद्रात तो थव्याने राहतो, दिवसभर प्रवाळांच्या वरून फिरत असतो, आणि भ्यायला तर प्रवाळाच्या फांद्यांत घुसून बसतो. नारिंग्याचे तसे नाही. तो समुद्रातही समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहतो, त्याच्यापासून हातभर लांब जातो न जातो तोच परत येतो. म्हणजे दोघे एकाच समुद्राचे, एकाच दुकानातल्या शेजारशेजारच्या पिशव्यांतले, पण एकाचे अंगण हातभर आणि दुसऱ्याचे गावभर. मी दोघांना दोन फुटांत ठेवले.

निळा सकाळी दिवा लागला की सुरू व्हायचा. डाव्या काचेपासून उजव्या काचेपर्यंत, वळायचे, पुन्हा डाव्या काचेपर्यंत. दोन शेपटे मारली की काच. सासूबाई दुपारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. एकदा मला म्हणाल्या, "काहून गं, हे एकसारखं काचेले नाक घासून राहिलं?" मी म्हटले, खेळते ते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी जन्मभर गाई-म्हशी सांभाळल्या होत्या. खेळणारे जनावर आणि दावणीला कंटाळलेले जनावर यांतला फरक त्यांना कळत होता. मला तेव्हा कळला नाही.

पुढे त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. हा रोग या जातीला फार लवकर होतो, आणि मासा भ्यालेला, कोंडलेला असला म्हणजे अधिकच. औषधाने गेला, पुन्हा आला. डोक्याच्या बाजूला बारीक खड्डे पडू लागले. पाठ उतरली, निळ्या रंगाची झळाळी गेली. सोळा महिन्यांनी तो मेला तेव्हा मी पोरीच्या पट्टीने मोजला. साडेतीन इंच. "लहानच राहतो" हे दुकानातले शब्द अक्षरशः खरे ठरले होते. उसाच्या चिपाडात लावलेले आंब्याचे रोपही लहानच राहते. ते खुरटते, त्याला आपण वाढ म्हणत नाही.

तो मेला कसा, तेही सांगते. हे सांगताना मला जड जाते.

2018 चा मे. माझ्या भाचीचे लग्न अमरावतीला. चार दिवसांकरिता आम्ही सगळे गेलो, सासूबाई तेवढ्या घरी राहिल्या. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस, घरात कूलर, आणि टाकीच्या पाण्यावर मी एक लहान पंखा लावलेला. पाण्यावरून वारा गेला की पाणी गार होते. माठाचे आणि कूलरचे जे तत्त्व तेच. पण त्याने पाणी उडते. दोन फुटांच्या टाकीतून रोज दोन-दोन लिटर उडत होते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून वर भर घालायची ती नेहमी गोड्या पाण्याची. वरण आटले की आपण त्यात पाणी घालतो, पुन्हा मीठ घालत नाही, तसेच. हे मी घरात सांगितलेच नव्हते. स्वयंपाकघरात दोन कॅन भरून ठेवले होते, एकात गोडे पाणी, एकात पाणीबदलासाठी कालवलेले खारे. सासूबाईंनी विचार केला, मासे समुद्राचे, तर त्यांना खारेच पाणी हवे. चार दिवसांत त्यांनी आठ लिटर खारे पाणी घातले, अगदी काळजीने, तांब्यातांब्याने.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आठ लिटरमध्ये झाले 280 ग्रॅम. दगड-वाळू वजा जाता माझ्या टाकीत पाणी होते सुमारे 45 लिटर. म्हणजे लिटरमागे सहा ग्रॅम वाढले, 35 चे 41 झाले. आम्ही परतलो त्या रात्री नारिंगी दोघे कोपऱ्यात दमल्यासारखे उभे होते. निळा आडवा पडला होता.

सासूबाई म्हणाल्या, "मी पाणी तर बरोबर घातलं ना?" मी म्हटले, "हो आई, बरोबर घातलंत. तो आजारीच होता." त्या आता नाहीत. मी हे खरे त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही, आणि नाही सांगितले हेच बरे झाले. कारण पुढे मी कागदावर हिशेब मांडला. तेच आठ लिटर, तेच 280 ग्रॅम, जर 220 लिटर पाण्यात पडते तर लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास वाढते. 35 चे 36. निरोगी माशाला ते जाणवलेही नसते. सासूबाईंकडून झाली तसली चूक प्रत्येक घरात कधीतरी होणारच. ती पोटात घालण्याएवढे पाणी टाकीत नव्हते, आणि ती टाकी मी विकत आणलेली होती.

म्हणून टाकीच्या मापाबद्दल मला सांगायचे ते एवढेच की, ते माप माशाच्या आजच्या लांबीवरून घेऊ नये. पहिल्यांदा विचारावे, हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि दिवसाकाठी किती फिरतो. आणि दुसऱ्यांदा विचारावे, आपल्या घरात चुका किती होतात, वीज किती जाते, ऊन किती तापते. मोठ्या टाकीत पाणी सावकाश तापते, सावकाश निवते, सावकाश बिघडते. आपल्याला चूक उमगून धावपळ करायला वेळ मिळतो. लहान टाकीत तो मिळत नाही. लोकांना वाटते लहान टाकी नवशिक्यांसाठी आणि मोठी जाणत्यांसाठी. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

त्या वर्षी माझी भिशी लागली. तुम्हा सगळ्यांना मी सांगितले होते की फ्रिज घेणार. फ्रिज घेतला नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली. आमच्या ह्यांनी आठ दिवस अबोला धरला. आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, आणि अशी टाकी पाणी, दगड, स्टँड धरून साडेतीन क्विंटलपर्यंत जाते; म्हणून गवंड्याला बोलावून तुळई कुठे आहे ते पाहून घेतले आणि तिच्या वरच, भिंतीला लागून ती ठेवली. टाकी घेताना लांबी-रुंदी पाहावी, उंचीला भुलू नये. उभट टाकी दिवाणखान्यात दिसते छान, पण पाण्याला हवा मिळते ती पृष्ठभागावरून, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा आधीच सुमारे पाचव्या हिश्शाने कमी मावतो. तापलेल्या पाण्यात आणखी कमी.

एवढी मोठी टाकी, आणि मासे दोनच. येणारा प्रत्येक जण विचारतो, "इतकी जागा आहे, आणखी का नाही टाकत?" पूर्वी मी उत्तर देत असे. आता चहा ठेवते.

खरे सांगायचे तर जाणकार लोक दोन क्लाउन माशांना शंभर लिटर पाणीही पुरेसे मानतात, आणि ते चूक नाही. पण ते विजेचा भरवसा असलेल्या, मे महिन्यात खिडकी उघडता येणाऱ्या गावांना धरून असावे असे मला वाटते.

त्या दोघांना आता आठ वर्षे उलटून गेली आहेत. नीट ठेवले तर हे मासे वीस वर्षेही जगतात. त्यांचा एक चमत्कार सांगते. हे सगळे जन्मतः नर असतात. सर्वांत मोठा असेल तो मादी होतो आणि घराचा कारभार तिच्याकडे असतो. ती मेली तर तिचा नवराच पुढे मादी होतो. आमच्या घरी हे ऐकून ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. मोठ्या टाकीत गेल्यावर तिसऱ्या वर्षी तिने एका फरशीच्या तुकड्यावर नारिंगी अंडी घातली. नर आठवडाभर त्यांना पंखाने वारा घालत होता, मेलेली अंडी वेचून काढत होता. पिल्ले निघाली ती डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढी. त्यांना लागणारे सूक्ष्म खाद्य माझ्याकडे नव्हते, म्हणून जगली नाहीत. पण दोन फुटांच्या टाकीत दीड वर्षात जे झाले नव्हते ते इथे झाले, यावरून त्यांना घर मानवले असे मी धरते.

आता 23 सप्टेंबर 2023 ची रात्र. तुमच्यापैकी कुणीच ती विसरली नसेल. अंबाझरी ओसंडली, नाग नदी घरांत शिरली. खालच्या मजल्यांवरच्या लोकांचे संसार भिजले, माणसे गेली. त्या रात्री माशांची गोष्ट सांगावी असा तो प्रसंग नव्हे, म्हणून मी आजवर सांगितली नाही. वीज पहाटेपूर्वी गेली ती आमच्याकडे दुसऱ्या रात्रीपर्यंत आली नाही. खालच्या बिऱ्हाडाचे सामान वर आणून झाल्यावर मला टाकीची आठवण झाली. पंप बंद, पाणी निश्चल. मग मी आणि पोरगी, आळीपाळीने, तांब्याने पाणी काढायचे आणि वितभर वरून धार धरून परत ओतायचे. धारेबरोबर हवा आत जाते. मध्ये थांबायचो, कुणाला चहा द्यायचो, पुन्हा ओतायचो. एवढ्या पाण्यात दोनच मासे, म्हणून तास-दोन तास थांबलो तरी चालत होते. दोघेही वाचले. शेजारच्या इमारतीत एका घरी एक फुटाची खाऱ्या पाण्याची टाकी होती, पंचवीस-सव्वीस लिटरांची, पाच मासे. ते कुटुंब रात्रभर वरखाली पाणी उपसत होते, त्यांना वर पाहायलाही फुरसत नव्हती. उजाडेपर्यंत पाचही गेले. त्यांनी माझ्यापेक्षा काही कमी केले असे नाही. त्यांच्या हातात वेळ कमी होता.

पुढे त्या शिक्षकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. 1846 साली लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या एका बाईने समुद्रातले जिवंत प्रवाळ घरी आणून पाळले. तेव्हा कसले पंप आणि कसली वीज! ती आपल्या मोलकरणीकडून रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतवून घेत असे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्याच्याही आधीची ही गोष्ट. पुस्तकात नाव बाईसाहेबांचे राहिले. हात ज्या बाईचे दुखले तिचे नाव कुणाला ठाऊक नाही. आपल्या सभागृहातली टाकी आली तर तांब्या कुणाच्या हातात राहणार, हा प्रश्न मला तिथूनच सुचला.

आणखी एक-दोन गोष्टी. 2017 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मासे विकणाऱ्या दुकानांसाठी नियम काढले होते. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवू नयेत, आणि दीडशेहून अधिक जातींचे मासे शोभेसाठी विकू नयेत, असे त्यांत होते; क्लाउन मासाही त्या यादीत होता. पुष्कळ ओरड झाली आणि त्याच वर्षी ते नियम मागे घेतले गेले. त्यामुळे माशाला किती पाणी द्यायचे हे पुन्हा ज्याच्या त्याच्या मनावर आले. समुद्रघोडा आणि प्रवाळ मात्र वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते कुणी आग्रहाने देऊ केले तरी घेऊ नयेत.

आणि मासा कुठून आला हे विचारावे. क्लाउन माशांची पैदास आता माणसाच्या हाताखाली होते; आपल्या राज्यातही ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने त्याचे केंद्र काढले आहे. टाकीत जन्मलेल्या माशाने समुद्र पाहिलेला नसतो, त्याला तोडून आणलेले नसते. निळ्याचे तसे नाही. माणसाच्या देखरेखीखाली त्याची पिल्ले पहिल्यांदा वाढवता आली तीच मुळी 2016 साली, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांना. बाजारातला निळा मासा बहुतकरून समुद्रातून पकडलेलाच असतो. फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे असे मासे सायनाइडने गुंगवून पकडण्याची वाईट पद्धत आहे, तिने प्रवाळही मरतात. माझे दोन्ही निळे कुठून आले होते हे मी विचारले नव्हते.

आता आपल्या सभागृहाकडे येते. दीड फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे काठोकाठ भरली तर 42 लिटर पाणी. दगड-वाळू घातल्यावर तीस-पस्तीस. माझ्या पहिल्या टाकीपेक्षाही लहान. सभागृह आठवड्यातून दोन दिवस उघडते, बाकीचे दिवस कुलूप. कूलर बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात त्या बंद खोलीत मेणबत्त्या वाकलेल्या आपण पाहिल्या आहेत. चाळिशीच्या घरात गेलेल्या त्या खोलीत पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी कोण राखणार? रोज आटलेले पाणी भरायला कोण येणार, आणि ते गोडे भरायचे की खारे हे तिला कोण सांगणार? दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, त्यासाठी आरओचे पाणी साठवायचे, त्यात मीठ कालवायचे, आणि खारेपणा मोजायचा. दूधवाल्याला धरण्यासाठी पूर्वी लॅक्टोमीटर असे ना, तसलीच काचेची नळी असते, तिच्यावर 1.025 च्या आसपास आकडा यायला हवा. कोण करणार हे सगळे? बाईंच्या नावांचा तक्ता करू, असे बैठकीत कुणीतरी म्हणाले. फुलझाडांचा तक्ता आपण केला होता, आणि ती झाडे आता कुठे आहेत ते मी विचारत नाही.

देणगी देणाऱ्या भगिनींचा मान राखायलाच हवा, म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. टाकी हवीच असेल तर चार फुटांची घ्यावी, तीत दोन पैदाशीतले क्लाउन मासे सोडावेत, निळा मुळीच नको. इन्व्हर्टर लावावा, आणि पगारी माणूस नेमावा. त्याचा वर्षाचा खर्च मी कागदावर मांडून चिटणीसबाईंकडे दिला आहे, तो देणगीपेक्षा जास्त होतो हे आधीच सांगते. किंवा टाकी नकोच, त्या पैशांतून दाराशी दुसरे काही ठेवावे, ज्याला कुलपाआड गुदमरायला होत नाही. पुढच्या बैठकीत मत घेतले जाईल ते मला मान्य असेल. पण दीड फुटांची टाकी आलीच तर तिची किल्ली कृपा करून माझ्याकडे देऊ नका. रोज दुपारी एकला मी तिथे जाईन, आणि मग माझ्या घरातले दोघे उपाशी राहतील. मासे नव्हे, दुसरे दोघे.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी शनिवारी सकाळी नऊला आमच्याकडे यावे. त्या दिवशी मी पाणी बदलते. बावीस लिटर निघते आणि तेवढेच आत जाते. एक बादली माझ्याकडे आहे, दुसरी ज्यांना जमेल त्यांनी येताना घेऊन यावी.